टाकीतले मासे

सुनीतीवहिनींच्या कापड रंगवायच्या कारखान्यात बँकेचे साहेब शुद्ध केलेल्या सांडपाण्याच्या टाकीतले मासे कौतुकाने बघत होते आणि भिंतीपलीकडच्या कारखान्यात मालक बाळगोंडाचा जळफळाट होत होता. त्या माशांच्या जोरावर बाईंना कर्ज स्वस्तात मिळालं होतं. त्याला मात्र साहेबांनी तोंडावर सुनावलं होतं, “असलं पाणी सोडता, उद्या कारखान्याला टाळं लागलं तर आमचे पैसे बुडाले.”

दुसऱ्या दिवशी साहेब त्याच्याकडे येणार, म्हणून त्याने वहिनींकडूनच चार मासे मागून आणले.

“आधी पाणी सुधारा, भाऊजी,” त्या म्हणाल्या.

द्यायचं हिच्या जिवावर आलंय, तो मनात म्हणाला.

सकाळी साहेब बाळगोंडाच्या टाकीवर वाकले. चारही मासे उलटे होऊन तरंगत होते. साहेब तडक गाडीत जाऊन बसले.

“बघितलंत?” बाळगोंडा आपल्या मॅनेजरवर खेकसला. “बाईनं मुद्दाम आजारी मासे दिले!”