मागची गाडी

मोटरसायकलच्या शर्यतीत यशराजचा जीव गेला, त्याला तीन आठवडे झाले होते. दुपारी जुईनगरच्या त्याच्या घराची बेल वाजली. त्याच्या आईनं, शालननं, दार उघडलं, तर यशच्याच वयाचा एक मुलगा हातात हेल्मेट घेऊन उभा होता.

"काकू, मी ऋतुराज. कोल्हापूरहून आलोय. यश घसरून पडला तेव्हा मागची गाडी माझी होती. मला ब्रेक लावायला वेळच मिळाला नाही."

हे ऐकून सोफ्यावर बसलेले यशचे वडील उठले आणि आतल्या खोलीत निघून गेले. शालननं मुलाला आत घेतलं, पाणी दिलं. त्यानं ग्लास नुसताच हातात धरून ठेवला.

"एवढ्या लांब बाइकवरच आलास?"

"हो. फोनवर माफी मागवेना. तुम्ही काय बोलाल ते ऐकून घेतो, काकू. मारलंत तरी चालेल."

शालननं त्याच्याकडे नीट पाहिलं. त्याच्या जॅकेटच्या बाह्या धुळीनं मळल्या होत्या.

"आधी घरी फोन लाव," ती म्हणाली. "आईला सांग, नीट पोचलो म्हणून."