थंडी वाजून ताप आल्यास

तीन कण. वाळूसारखे. बाथरूममधून गाळणी घेऊन ती बाहेर आली आणि तिनं ते बाटलीत टाकले.

*लघवी गाळावी. खड्याचे तुकडे जपून ठेवावेत.*

दवाखान्याचा कागद फ्रिजला चिकटवलेला होता.

"किती?" नवऱ्यानं पलंगावरूनच विचारलं.

"तीनच. आणि अजून लाल आहे."

"राहणारच लाल. तीन हजार धक्के म्हणजे काय खायचं काम आहे? मुतखड्याचा पार भुगा झाला, डॉक्टर म्हणाले ना? उगाच घाबरवू नकोस."

*दोन दिवस रक्त दिसू शकते.*

दुपारी नणंद आली ती थेट पलंगापाशी. "दादा, काय रे हे! चेहरा एवढासा झालाय!"

"अगं, काल अख्खा दिवस तिथं. टक, टक, टक. ते मशीन ऐकूनच माणूस अर्धा होतो. पाठ तर अशी धरलीय!"

नणंदेनं त्याच्या अंगावर पांघरूण घातलं. "वहिनी, पाण्याचं बघ हं. आणि याला जरा जप."

"हो," म्हणत ती चहा टाकायला गेली. ओट्याला धरून उभी राहिली.

*पाणी: रोज तीन लिटर.*

नणंद गेल्यावर तिनं खिडकी लावून घेतली.

"अगं, उकडतंय!" त्यानं पांघरूण लाथाडलं. तिनं ते उचललं, घडी केली आणि छातीशी धरून तशीच उभी राहिली.

"एकशे दोन आहे ताप."

"गोळी आहे ना? उतरेल."

"थंडीही आहे. तुकडा नळीत अडकला तर जंतू रक्तात जातात, जिवावर बेततं, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. अहो, जाऊ या."

"आत्ता? माझ्यानं उठवत नाही. तूच जाऊन विचारून ये."

*थंडी वाजून ताप आल्यास*

पुढचं तिला पाठ होतं. तिनं कागद काढला, बाटली पर्समध्ये टाकली, स्वेटर चढवला. बाहेर रणरणतं ऊन होतं.

दवाखान्याच्या काउंटरवरच्या माणसानं तिचं सगळं ऐकून घेतलं. कागदाला हातही लावला नाही.

"काल धक्के दिलेत, आज एकशे दोन ताप, आणि तुम्ही नुसता कागद घेऊन आलात? अहो बाई, पेशंटला आणायचं ना!"

तिनं स्वेटरची बाही वर सारली. मनगटावर दवाखान्याचा कालचा पट्टा तसाच होता.

"आणलंय," ती म्हणाली.