जमिनीवरची वीट

समरकंदच्या टेकडीवरची शाही वेधशाळा पाडायचं काम नव्या अमिराने गवंडी बेकमुरादच्याच गळ्यात घातलं. तरुणपणी ती त्यानेच तर बांधली होती!

"म्हाताऱ्या, जमिनीवर एक वीट जरी दिसली, तरी मुंडकं उडवीन," कामावर देखरेखीला नेमलेल्या अमिराच्या सरदाराने दम भरला.

महिन्याभरात तिन्ही मजले भुईसपाट झाले. त्या सपाट जागेवर सरदार ऐसपैस बसला आणि खरबूज चापत म्हणाला, "काय उस्ताद, आता तारे कशाने मोजाल?"

"हुजूर, जमिनीवर वीट सापडली तर ही मान हजर आहे," बेकमुराद म्हणाला.


तारे मोजायची संगमरवरी कमान मुळातच अर्धी जमिनीच्या पोटात होती. तो खालचा अर्धा भाग त्याने न फोडता मऊ रेतीत अलगद निजवला होता, नेमका सरदाराच्या बुडाखाली!