उंचीएवढा फुगा

हॉलमध्ये वीस कर्मचारी, एक प्रशिक्षक आणि दोन पंखे होते. त्यांतला एक चालू होता. धुण्याच्या पावडरीच्या या कारखान्यात आज बालपणीची स्वप्नं शोधायची होती. हजेरी सक्तीची होती.

प्रयोगशाळेतल्या शर्वाणी तुपेनं कार्डावर प्रामाणिकपणे लिहिलं, 'माझ्या उंचीएवढा साबणाचा फुगा काढायचा.' गेली बारा वर्षं ती पावडरीचा फेस कमी करण्याचा पगार घेत होती.

"मॅडम, ध्येय मोजता यायला हवं," प्रशिक्षक मायेनं म्हणाले.

"येईल की. पट्टीनं."

मागून साहेब खेकसले, "तुपेबाई, हे कार्ड बढतीच्या फाइलला लागणार आहे हं!"

प्रशिक्षक लगेच मदतीला धावले. फुगा खोडून त्यांनी स्वतःच लिहिलं, 'दोन वर्षांत विभागप्रमुख.'

"आता डोळे मिटा. लहानपणी हेच हवं होतं ना?"

तिनं डोळे मिटले. सात वर्षांच्या शर्वाणीनं विभागप्रमुख हा शब्दही ऐकला नव्हता. बढतीवर पाणी सोडून, सही न करताच ती उठली.

चहाच्या सुट्टीत तिनं कुंपणाच्या भिंतीवर खडूनं सेंटिमीटरच्या खुणा केल्या, साबणाच्या पाण्यात ग्लिसरीन घातलं आणि दोन काठ्यांमध्ये सुतळी बांधली. सगळे कप घेऊन बाहेर आले. पहिला फुगा गुडघ्याएवढा होऊन फुटला.

"अहो, ग्लिसरीन वाढवा!" साहेब ओरडले. "आणि वाऱ्याकडे पाठ करा!"

दुसरा फुगा एकशे एकोणतीस सेंटिमीटर भरला. तुपेबाई एकशे चोपन्न.