नव्या अंकाची ओळख

बाळ झोपलं की ती लिहायला बसायची. त्यानं कूस बदलली की एका हातानं त्याला थोपटत दुसऱ्या हातानं वाक्य पुरं करायची. अशा चोरून काढलेल्या वेळात तिची पहिली रहस्यकथा झाली. तिनं ती मोठ्या हौसेनं दिराकडे दिली, कारण रहस्यकथांच्या मासिकाचा संपादक तोच होता.

नव्या अंकात कथा आली. नाव मात्र दिराचं होतं.

"भाऊजी, ही माझी कथा आहे."

"अहो वहिनी, तुमच्या नावानं आली काय नि माझ्या नावानं आली काय, घरातच राहिली ना! तुम्ही आता छान अंगाईगीतं लिहा बघू." मग जरा लाडीगोडी लावत म्हणाला, "आणि हो, उद्या प्रकाशनाला अंकाची ओळख तुम्हीच करून द्या. तुम्ही बोलता गोड."

दुसऱ्या दिवशी सभागृह भरलं होतं. अंकांचे कोरे करकरीत गठ्ठे विक्रीसाठी दाराशी मांडले होते. झोपलेल्या बाळाला खांद्यावर घेऊन ती माइकपाशी गेली. ते उठू नये म्हणून इतकं हळू बोलू लागली, की सगळे कानांत प्राण आणून ऐकू लागले.

"भाऊजींची कथा म्हणजे या अंकाचा जीव आहे. काय हातोटी आहे हो त्यांची!



खून धाकट्या दिरानंच केलाय, हे शेवटच्या ओळीपर्यंत कुणाला म्हणून कळू देत नाहीत."