जिवंत उदाहरण

मेहुण्याच्या व्याख्यानात उभं राहण्यात दाजींचा तोटा काहीच नव्हता. रविवारची सकाळ भिंतीकडे बघण्यात जायची, ती हॉलमध्ये जाई. इस्त्रीचा शर्ट अंगावर चढे. वर दोनशे माणसं आपल्यासाठी हळहळणार, हा तर निव्वळ नफा. बाटल्यांच्या कारखान्यात एकोणीस वर्षं दिव्यासमोर बसून त्यांनी काचेतले तडे हेरले होते. तेवढ्या काळात कुणी एकदाही हळहळलं नव्हतं. मग तडे शोधणारं यंत्र आलं आणि दाजी घरी आले.

मेहुणा, म्हणजे बायकोचा थोरला भाऊ, ‘खचू नका’ या विषयावर तिकीट लावून बोलायचा. त्याने जन्मात कुठे नोकरी केली नव्हती, त्यामुळे नोकरी जाण्याबद्दल त्याला पुष्कळ सांगता येई. फक्त एक खचलेला माणूस कमी पडत होता. तो घरातच सापडला.

पहिल्या रविवारी दाजी बोलता बोलता खरोखर रडले. टाळ्या पडल्या. त्या दुपारी ते दोन महिन्यांत प्रथमच पोटभर जेवले. दुसऱ्या रविवारी कुठे रडायचं ते कळलं. पाचव्या रविवारपर्यंत, रडण्याआधी पाण्याचा घोट घ्यायचा असतो, हेही.

मग एका शनिवारी जुन्या सुपरवायझरचा फोन आला. पुलापलीकडे औषधाच्या कुप्यांचा कारखाना. तिथल्या यंत्राला बारीक तडे दिसत नाहीत, माणसाचे डोळे हवेत. जागा एकच. उद्या साडेअकराच्या आत या.

“पुढच्या आठवड्यात बघा की, दाजी,” मेहुणा म्हणाला. “उद्या हॉल फुल्ल आहे. आणि तुम्हाला नोकरी लागली, तर मी लोकांना दाखवू काय?”

“अहो, तुम्ही नोकरी शोधताय की टाळ्या?” बायकोने विचारलं.

“तुझ्या दादाला शब्द दिलाय. नऊला बोलतो, दहाला निघतो.”

मेहुण्याने प्रस्तावनेतच दहा वाजवले. दाजींना खरं तर दोन वाक्यांत आटपायचं होतं. पण हॉल असा काही शांत झाला, की त्यांना राहवेना.

“आज माझी मुलाखत होती,” ते म्हणाले. “पुलापलीकडचा कुप्यांचा कारखाना. एकच जागा. साडेअकराला फाटक बंद. पण म्हटलं, माझी नोकरी मोठी, की तुमचा धीर मोठा?” त्यांनी पाण्याचा घोट घेतला.

लोक उभे राहिले. मागच्या रांगेतून एक माणूस मात्र खुर्च्यांना अडखळत बाहेर पडला. काही लोकांना कदरच नसते, असं दाजींना वाटलं. टाळ्या थांबल्यावर हात मिळवणारे आले. ते संपेपर्यंत पावणेबारा झाले.

पुढच्या रविवारी तो माणूस थेट मंचावर आला. नवा गणवेश, छातीवर कारखान्याचा बिल्ला. त्याने दाजींना मिठीच मारली.

“सहा महिने घरात तोंड लपवून बसलो होतो. तुम्ही पत्ता सांगितलात, वेळ सांगितलीत, तसाच पळालो. दुसरं कुणी आलंच नव्हतं हो! तडे अजून नीट दिसत नाहीत मला, पण शिकवू म्हणालेत.”

टाळ्यांनी हॉल दणाणला. मेहुण्याने त्या माणसाचा हात उंच धरला आणि दाजींना डोळ्यानेच खाली उतरायची खूण केली.

खाली बसायला जावं, तर दारावरच्या बाई आडव्या आल्या. “काका, तिकीट?”

“त्यांचं माझ्याकडे आहे,” मागून बायको म्हणाली. ती आज पहिल्यांदाच आली होती. शेजारची खुर्ची तिने पर्स ठेवून अडवली होती. “बसा. दादाला लहानपणापासून ओळखते मी.”

त्या सकाळी हॉलला धीर मिळाला, एकाला नोकरी, मेहुण्याला नवं उदाहरण. पैसे बायकोने भरले. सख्ख्या भावाला, दोन्ही तिकिटांचे, पूर्ण दराने.