गरम झाली की बंद

गाडी पुन्हा बंद पडली तेव्हा मिस्त्री खूश झाला. दुखणं डोळ्यांसमोर दिसलं की अर्धं काम झालं, असं तो म्हणायचा.

"मास्तर, मारा स्टार्टर."

निवृत्त मास्तरांनी किल्ली फिरवली. त्यांचा शर्ट कडक इस्त्रीचा होता, नखांत मात्र काळं ग्रीस होतं. इंजिन नुसतंच घरघरलं.

"बघा, इंजिन फिरतंय, पण आरपीएमचा काटा ढिम्म हलत नाही. क्रँक सेन्सर! इंजिन फिरतंय हे तोच कंप्युटरला सांगतो. तो मुका झाला की ठिणगीही बंद, पेट्रोलही बंद."

"नक्की?"

मिस्त्रीनं बॉनेट उघडून बाटलीभर गार पाणी सेन्सरवर ओतलं आणि थोडं थांबून किल्ली फिरवायला सांगितली. गाडी एका फटक्यात चालू झाली.

"काळ्या दगडावरची रेघ! गार असताना शहाणा, तापला की दगा देतो."

"आणि घाट उतरताना बंद पडली तर?"

"स्टीअरिंग दगड होतं. ब्रेक एकदोनदा लागतो, मग त्यावर उभं राहिलात तरी नाही. का हो?"

"मुलगी घाटातून एकटी जायची."

"मग आत्ताच बदलू. पोरीबाळींच्या जिवाशी खेळ नको."

गॅरेजमधले कामगार जेवायला गेले होते. मिस्त्रीनं जॅक लावून गाडी उचलली आणि खाली सरकला.

"खाली आधाराला स्टँड नाही लावत?"

"एका बोल्टाचं काम, मास्तर. उभा जन्म गेला ह्यात."

ऊन डोळ्यांवर येतं म्हणत मास्तरांनी शटर अर्धं खाली ओढलं आणि स्टूल घेऊन जॅकच्या दांड्याशी बसले. मिस्त्रीला खालून त्यांचे पॉलिश केलेले बूट तेवढे दिसत होते. त्याच्या तोंडाचा पट्टा चालूच होता. मग तो एकदम थांबला.

"अरेच्चा! ही तर शुद्ध लबाडी आहे."

"काय झालं?"

"भंगारातला सेन्सर धुऊन-पुसून नवा केलाय. टोकाचे ओरखडे घासलेत, तडा गेला तिथं गोंद भरलाय. मास्तर, कुणीतरी तुमच्या गळ्यात मारलाय हा!"

"असं करतात लोक?"

"सर्रास! गिऱ्हाइकाला काय कळतंय?" बोलता बोलता तो जरा अडखळला, मग आवाज चढवून म्हणाला, "पण हे पाप आहे."

"तुमच्या मते अशा माणसाचं काय करावं?"

"जिवंत सोडू नये!"

मास्तरांना एकदम फार थकल्यासारखं वाटलं. एवढंच ऐकायला ते इतक्या लांबून आले होते.

"पण बसवला कुणी हा?" मिस्त्रीनं खालून विचारलं.

"ह्या गाडीत मी," मास्तर म्हणाले. "दरीतून तेवढाच शाबूत निघाला. त्याआधी माझ्या मुलीच्या गाडीत तुम्ही बसवला होता, नवा म्हणून."